अस्तराच्या शिवणीला चुण्या पडतात तेव्हा टेन्शनला हात सर्वांत शेवटी लावावा

ताई, आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडे सासूबाईंच्या वेळची पायाची काळी मशीन आहे आणि गेल्या दिवाळीत घेतलेली मोटारीची झिगझॅग मशीनही आहे. ब्लाऊजचे अस्तर काळ्या मशीनवर बऱ्यापैकी सपाट शिवले जाते. नव्या मशीनवर मात्र तेच कापड आणि तोच दोरा घेतला तरी शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडतात. सॅटिनच्या अस्तरावर मधूनच टाका उडतो. एका गिऱ्हाईकाचा ब्लाऊज तर चार वेळा घातल्यावर पाठीच्या शिवणीजवळ विरल्यासारखा झाला, म्हणजे टाके शाबूत राहिले पण कापडाचे धागे शिवणीपासून बाजूला सरकले. आपण टेन्शनची, म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाची, चकती २ पासून ६ पर्यंत फिरवून पाहिली आणि आता विचारता आहात की टेन्शन नेमके कोणत्या आकड्यावर ठेवावे, की मशीनच सदोष आहे.

मी परभणीत अठ्ठावीस वर्षे शिवणकाम करतो आहे. कोट आणि जाकिटाचे काम औरंगाबादेत एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो, आणि आता दुकानात ब्लाऊजचे काम जास्त असते. या अनुभवावरून आधी एवढे सांगतो की आपल्या तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या नाहीत, आणि टेन्शनचा संबंध त्यांपैकी एकीशीच, तोही अर्धामुर्धा आहे. शिवाय चकतीवरचा आकडा त्या मशीनच्या त्या स्प्रिंगपुरता असतो. माझ्या मशीनचा ४ आणि आपल्या मशीनचा ४ यांचा ताण सारखा असेलच असे नाही. म्हणून आकडा सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. कारण कसे शोधायचे ते सांगतो, कारण ते एकदा सापडले की आकडा आपल्याला स्वतःच सापडेल.

अर्थात मी आपले कापड पाहिलेले नाही. अस्तर टू बाय टू (ब्लाऊजला नेहमी लावतात ते सुती कापड) आहे की क्रेप, सॅटिन आहे की टी-शर्टसारखे विणलेले ताणले जाणारे कापड, दोरा कोणता, ब्लाऊज किती घट्ट मापाचा, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. जिथे ते बदलते तिथे तसे म्हणेन.

अस्तर हे वरच्या कापडापेक्षा शिवायला अवघड का, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आपल्या मशीनचा साधा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून जातो, खालचा बॉबिनमधून येतो, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात ती गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध लपली पाहिजे. जीन्सच्या कापडात ती लपायला भरपूर जागा असते. अस्तराचे दोन थर मिळूनही जाडी इतकी कमी असते की गाठ लपवायला जवळजवळ जागाच नसते, त्यामुळे ताणातला जो फरक जाड कापडात कधी कळलाही नसता तो अस्तरात लगेच डोळ्यांवर येतो. दुसरे म्हणजे अस्तराची वीण दाट आणि धागे बारीक असतात. सुई व दोरा आत शिरतात तेव्हा तिथले धागे बाजूला सरकावे लागतात, आणि सरकायला जागा नसली की कापड शिवणीच्या रेषेत फुगते. तिसरे म्हणजे त्याचा गुळगुळीतपणा. तोच अस्तराचा गुण आहे, कारण त्यामुळे अंगावर कपडा सरसर सरकतो; पण मशीनच्या दातांना (जे कापड खालून पुढे सरकवतात) आणि पायाला (जो ते वरून दाबतो) त्याच गुणामुळे ते नीट धरता येत नाही.

आता कारण शोधण्याची पद्धत सांगतो. उरलेल्या अस्तराच्या उभ्या धाग्यात सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. दोन्हींवर खडूने बरोबर ५० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, खुणा जुळवून एकावर एक ठेवाव्यात आणि कापड न ओढता, हात फक्त दिशा देण्यापुरता ठेवून, मशीनच्या आपल्या नेहमीच्या मांडणीवर (सेटिंगवर) टीप मारावी. वरचा दोरा एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा घ्यावा. ही एक पट्टी जे सांगते ते दोन ब्लाऊज उसवूनही कळत नाही.

सर्वप्रथम शेवटच्या खुणा पाहाव्यात. वरच्या पट्टीची खूण खालच्या खुणेच्या पुढे गेली असेल, म्हणजे वरचे कापड उरले असेल, तर दाते खालचा थर भराभर पुढे नेत आहेत आणि पायाच्या घर्षणाने वरचा थर मागे राहतो आहे. अशा वेळी चुण्या मुख्यतः खालच्या थरात दिसतात आणि वरचा थर सपाट असतो. हा दोष ओढीचा आहे, टेन्शनचा नाही, आणि चकती कितीही फिरवली तरी तो जाणार नाही.

खुणा जुळत असतील आणि तरी दोन्ही थरांत सारख्या चुण्या असतील, तर खुणांमधले अंतर मोजावे. ५० सेंटिमीटरचे ४९ भरले, तर शिवण दोन टक्के आखडली आहे असे समजावे. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत एवढे आखडणे नजरेत भरते. मग धारदार कात्रीच्या टोकाने फक्त दोरा, कापडाला धक्का न लावता, दर दोन-तीन सेंटिमीटरवर कापावा. दोरा कापताच कापड सपाट झाले तर दोष ताणाचा; दोरा ताणलेल्या अवस्थेत शिवला गेला होता आणि मोकळा होताना त्याने कापड आवळले होते. दोरा कापूनही चुण्या तशाच राहिल्या तर दोष दाटीचा. सुई आणि दोरा त्या विणीसाठी जाड आहेत किंवा टाके फार जवळजवळ आहेत.

दाटीची शंका असेल तर आणखी एक खात्री करता येते. त्याच मांडणीवर त्याच कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या शिवून पाहाव्यात. उरेबमध्ये धाग्यांना बाजूला सरकायला वाव मिळतो, त्यामुळे दाटीच्या चुण्या तिथे बऱ्याच कमी होतात. उभ्या धाग्यात चुण्या आणि उरेबमध्ये सपाट, असे दिसले की मी टेन्शनकडे पाहतही नाही, थेट सुई बदलतो.

चौथे कारण या पट्टीत लगेच दिसत नाही, कारण ते धुतल्यावर उगवते, आणि ते मी स्वतःच्या चुकीने शिकलो आहे. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्याच लगनसराईत एका पैठणीच्या ब्लाऊजला मी सुती टू बाय टूचे अस्तर न भिजवता लावले. शिवण अगदी निर्दोष दिसत होती. लग्नानंतर त्या बाईंनी ब्लाऊज घरी पाण्यातून काढला. अस्तर आटले, रेशीम तसेच राहिले, आणि प्रत्येक शिवणीवर रेशीम झोळासारखे लोंबू लागले. त्यांनी फारसे काही म्हटले नाही, पण तो ब्लाऊज पाहून मला रात्री झोप आली नाही. तेव्हापासून माझ्याकडे सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री केल्याशिवाय कात्रीखाली येत नाही. घाईतल्या गिऱ्हाईकालाही मी त्यासाठी एक दिवस थांबवतो. ही गोष्ट मशीनच्या कोणत्याही मांडणीने सुधारत नाही, म्हणून ती मांडणीच्या आधी सांगितली.

आता मांडणीकडे येतो, आणि ज्या क्रमाने मी हात लावतो त्याच क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट सुई. नव्या मशीनसोबत आलेली सुई बहुधा १४ किंवा १६ नंबरची असते, आणि पुष्कळ जण ती मोडेपर्यंत बदलत नाहीत. सुईच्या पाकिटावर दोन आकडे असतात. ११ सोबत ७५, १४ सोबत ९० आणि १६ सोबत १००. यांतला मोठा आकडा म्हणजे सुईच्या दांडीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजे १६ नंबरची सुई बरोबर एक मिलिमीटर जाड असते. क्रेप किंवा सॅटिनच्या अस्तरात एक मिलिमीटरचा खिळा दर दोन मिलिमीटरवर ठोकला जातो आहे असे डोळ्यांसमोर आणले की चुण्यांचे आश्चर्य वाटत नाही. सुती टू बाय टूला मी ११ नंबर वापरतो. सॅटिन, क्रेप आणि तलम पॉलिएस्टर अस्तराला ९ किंवा ११. वरचे कापड आणि अस्तर एकत्र शिवायचे असेल आणि वरचे कापड जाड असेल, तर १४ शिवाय गत्यंतर नसते. मात्र अस्तराच्या आतल्या शिवणी वेगळ्या आणि बारीक सुईने आधीच मारून ठेवाव्यात.

सुईचे टोकही पाहावे लागते. ते नखावर हलकेच ओढून पाहावे. ओरखडा उठला तर टोक दुमडले आहे. सॅटिनवर शिवणीपासून आडवी एखादी चमकती रेघ गेलेली दिसते, ती अशाच दुमडलेल्या टोकाने ओढलेल्या धाग्याची असते, आणि ती रेघ पुन्हा बुजत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांच्या (ताण्या-बाण्याच्या) अस्तराला तीक्ष्ण टोकाची सुई लागते. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या अस्तराला मात्र गोलसर टोकाची, कारण तिथे धागा टोचण्याऐवजी बाजूला सारायचा असतो. सुई बसवताना तिची लांब खाच, ज्या बाजूने दोरा ओवतो, त्या बाजूला असावी आणि दांडा वर शेवटपर्यंत टेकलेला असावा. आपल्याला सॅटिनवर टाका उडण्याचा त्रास आहे, त्याचे पहिले कारण मी इथेच शोधेन. कारखान्यातल्या वेगवान पॉवर मशीनच्या गोल दांड्याच्या सुया घरगुती मशीनला चालत नाहीत, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे, कारण दुकानदार कधीकधी नंबर पाहून तीच देतो.

दुसरी गोष्ट दोरा. पॉलिएस्टर दोऱ्याच्या तिकीट नंबरात आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. नेहमीच्या कामाला १२० चालतो, तर तलम अस्तराला १८० अधिक चांगला. जाड दोरा शिवण मजबूत करतो हा समज अस्तराबाबत खरा नाही, कारण तिथे दोऱ्याच्या आधी कापड हार मानते. दोरा बारीक केला की सुईही बारीक करता येते, आणि दाटीचा प्रश्न दोन्हीकडून सुटतो.

बॉबिन भरण्याची रीत इथे फार महत्त्वाची आहे, आणि माझा अंदाज आहे की आपल्या दोन मशीनमधल्या फरकाचे एक कारण यात आहे. काळ्या मशीनवर बॉबिन पायाच्या गतीने, सावकाश भरली जाते. मोटारीच्या मशीनवर आपण पायपट्टी पूर्ण दाबतो, बॉबिन काही सेकंदांत भरते, आणि पॉलिएस्टर दोरा ताणलेल्या अवस्थेतच तिच्यावर बसतो. तोच दोरा शिवणीत गेल्यावर हळूहळू मूळ लांबीला येतो. म्हणून शिवताना टीप सपाट दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टीपेवर चुण्या दिसतात. आपल्याला असा अनुभव येत असेल तर सध्याची बॉबिन रिकामी करून मध्यम गतीने, समान थरांत आणि काठोकाठ न भरता पुन्हा भरावी. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिले तीन दिवस केवळ बॉबिन भरायला लावतो, आणि ते वेळ वाया घालवणे आहे असे मला अजून एकदाही वाटलेले नाही.

तिसरी गोष्ट टाक्याची लांबी, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण इथेच दोन दोष एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. टाका लांब केला की इंचात कमी टाके पडतात, विणीत कमी दोरा कोंबला जातो आणि चुण्या कमी होतात. टाका लहान केला की शिवण कापडाला अधिक जागी धरते आणि धागे सरकण्याची भीती कमी होते. आपल्या एका गिऱ्हाईकाच्या पाठीवर धागे सरकले आणि इतरांच्या शिवणीला चुण्या पडल्या, म्हणजे एकाच वेळी टाका लहानही हवा आणि मोठाही हवा अशी स्थिती आहे. माझा मध्य असा: अस्तराला २ ते २.५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण १० ते १३ टाके. दीड मिलिमीटरला इंचात सुमारे १७ टाके पडतात. दाट पॉलिएस्टरवर एवढे टाके म्हणजे चुण्यांना आमंत्रण आहे, आणि फाडून वेगळ्या करायच्या कागदाला छिद्रे पाडावीत तशी ती रेषा दुबळीही होते. तीन मिलिमीटरच्या पुढे गेल्यास अंगावर ताण आला की शिवण उघडी पडून टाके दिसू लागतात. सुती अस्तराला मी २ कडे झुकतो, सॅटिन आणि क्रेपला २.५ कडे.

धागे सरकण्याच्या दोषावर टाक्याची लांबी हा खरा उपाय नव्हे. तो दोष कापडाचा आणि मापाचा आहे. गुळगुळीत, सैल विणीचे अस्तर घट्ट मापाच्या ब्लाऊजला लावले की पाठ आणि काखेजवळची शिवण प्रत्येक हालचालीत ताण सोसते आणि शिवणीला समांतर असलेले धागे तिच्यापासून दूर सरकतात. अस्तर विकत घेण्याआधी दोन्ही अंगठ्यांनी कापड चिमटीत धरून आडवे ओढून पाहावे. धागे सरकून जाळी दिसू लागली तर ते कापड परकराला चालेल, घट्ट ब्लाऊजला नाही. तरीही तेच वापरायचे असेल तर माया (शिवणीच्या पलीकडे सोडलेले कापड) दीड सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, कड इंटरलॉक करावी, आणि पाठीच्या अस्तरात वरच्या कापडापेक्षा किंचित सैलपणा ठेवावा म्हणजे ताण अस्तरावर न येता वरच्या कापडावर येतो. गिऱ्हाईकाने माया उकलून ब्लाऊज सैल करण्याची सोय मागितली असेल, तर तेही याच मायेत भागते.

सैलपणाचे हे तत्त्व मी हिमरू या नक्षीदार कापडाच्या जाकिटांवर शिकलो. औरंगाबादच्या हिमरूत नक्षीचे धागे उलट्या बाजूला मोकळे तरंगत राहतात, आणि अंगठी किंवा बोट अडकून ते ओढले जाऊ नयेत म्हणून अस्तर अत्यावश्यक असते. उस्ताद नेहमी अस्तराच्या पाठीत मधोमध एक उभी चूण सोडायला लावत. हात पुढे केला की ती चूण उघडे, आणि शिवणीवर जोर येत नसे. पैठणीच्या पदराची गोष्ट वेगळी. तिथे नक्षी दोन्ही बाजूंनी स्वच्छ असते, त्यामुळे पैठणीच्या ब्लाऊजला अस्तर धागे झाकण्यासाठी नव्हे, तर रेशमाला घामापासून आणि ताणापासून वाचवण्यासाठी लावतात. अस्तर कशासाठी आहे हे ठरले की त्याची शिवण कशी हवी हेही ठरते.

चौथी गोष्ट पायाचा दाब, दाते आणि सुईखालची, सुईच्या छिद्राची धातूची पट्टी. पायाचा दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू बहुतेक मशीनच्या डोक्यावर, पायाच्या दांडीच्या वर असतो. वर सांगितलेल्या पट्टीत वरचे कापड उरले असेल, तर हा दाब अर्धा-अर्धा फेरा कमी करत जावा आणि प्रत्येक वेळी नवी पट्टी शिवावी. दाब फारच कमी झाला की कापड सुईबरोबर वर उचलले जाते, दोऱ्याची फाशी (फास) नीट बसत नाही आणि टाका उडतो, तेव्हा एक पायरी मागे यावे. तलम कापडाला दाते सुईखालच्या पट्टीच्या वर एक मिलिमीटरपेक्षा कमीच आलेले असावेत. ते काम मात्र मेकॅनिककडून करून घ्यावे, घरी दाते हलवू नयेत.

आता सुईखालच्या पट्टीचे छिद्र, कारण आपल्या दोन मशीनमधला सर्वांत मोठा फरक मला इथे दिसतो. आपली काळी मशीन फक्त सरळ टाक्याची असल्याने तिच्या पट्टीला लहान गोल छिद्र आहे. सुई खाली जाते तेव्हा कापडाला चहूबाजूंनी आधार मिळतो. झिगझॅग मशीनच्या पट्टीला सुई डावी-उजवी हलावी म्हणून आडवी लांबट फट असते. सरळ टाका मारताना त्या फटीवर कापड अधांतरी असते, सुई त्याला थोडे आत ढकलते, आणि तलम अस्तर त्या फटीत ओढले जाते. यातून चुण्याही पडतात आणि टाकाही उडतो. मशीन सदोष नाही, ती वेगळ्या कामासाठी बनवलेली आहे. आपल्या मशीनला सरळ टाक्याची वेगळी पट्टी मिळत असेल तर ती घ्यावी, पण ती लावलेली असताना झिगझॅग टाका चुकूनही निवडू नये. सुई पट्टीवर आदळून मोडते. पट्टी मिळत नसेल तर सुईची जागा मधून डावीकडे सरकवावी, म्हणजे सुई फटीच्या टोकाशी उतरते आणि कापडाला तीन बाजूंनी आधार मिळतो. तेवढ्यानेही भागले नाही तर अस्तराखाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवावे आणि नंतर ती हलकेच फाडून काढावी. वर्तमानपत्र वापरू नये; त्याची शाई फिक्या अस्तराला लागते.

वेगाबद्दल एक शब्द. पॉवर मशीनवर सुई वेगाने तापते, आणि पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. लांबच लांब टीपेत सुईच्या छिद्राशी वितळलेल्या धाग्याचे कण चिकटून दोरा तुटू लागतो. घरगुती मशीनवर एवढी उष्णता होत नाही, पण अस्तराला सावकाश शिवणेच योग्य, कारण वेगात हात नकळत कापड ओढतो.

आणि आता टेन्शन. ते शेवटी ठेवण्याचे कारण असे की सुई, दोरा, टाका आणि दाब यांपैकी काहीही बदलले की टेन्शन पुन्हा जुळवावेच लागते. ते आधी जुळवले तर ती मेहनत फुकट जाते. सुरुवात खालच्या बाजूने करावी. बॉबिन केस काढून स्प्रिंगखाली साचलेले तंतू आणि धूळ जाड कागदाच्या कडेने साफ करावी; आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे दर आठवड्याला करावे लागते. मग भरलेली बॉबिन केसमध्ये घालून केस दोऱ्याने उभी टांगावी. ती आपोआप घसरत गेली तर खालचा ताण सैल आहे. हाताला हलका झटका दिल्यावरही जागची हलली नाही तर घट्ट आहे. झटक्यासरशी दोन-तीन इंच उतरून थांबली तर अस्तरासाठी योग्य आहे. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. आपल्या नव्या मशीनची बॉबिन वरून आडवी बसत असेल तर ही टांगण्याची कसोटी नेहमी जमत नाही. तिथे दोरा हाताने ओढून, सैल पण सलग प्रतिकार जाणवतो का, एवढे पाहावे.

खालचा ताण असा सैलसर ठरवून मग वरची चकती त्याच्याशी जुळवावी. दोन रंगांचे दोरे इथे उपयोगी पडतात. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त. वरचा रंग खाली फाशांसारखा दिसला तर वरचा ताण कमी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पण ज्या ठिकाणी अनुभवी हातही फसतात ते असे की दोन्ही दोरे सारखेच जास्त ताणलेले असले, तरी टाका दोन्ही बाजूंनी सुरेख आणि समतोल दिसतो, आणि कापड मात्र आवळले जाते. दोन माणसे दोरखंड सारख्याच जोराने ओढत असली की मधली गाठ हलत नाही, पण दोरखंड ताठ असतोच. आपण चकती २ ते ६ फिरवलीत तेव्हा वरचाच दोरा बदलत होता. खालचा घट्ट राहिला असेल तर समतोल जिथे सापडला तिथे दोन्ही घट्ट होते, आणि जिथे वरचा सैल झाला तिथे फाशा दिसल्या असतील. म्हणून आधी खालचा सैल करावा, मग वरचा त्याच्यापर्यंत उतरवावा.

जुळवणी झाली की पट्टी दोन्ही टोकांना धरून शिवणीच्या दिशेने झटका न देता ओढावी. दोरा लवकर तुटला तर जो तुटला तोच जास्त ताणलेला आहे. दोन्ही दोरे कापडाबरोबर थोडे देतात आणि सोडल्यावर शिवण पुन्हा सपाट होते, अशी स्थिती आली की वहीत त्या कापडाचा तुकडा चिकटवून शेजारी सुई, दोरा, टाका आणि चकतीचा आकडा लिहून ठेवावा. माझ्या वहीत अशी अनेक पाने आहेत, आणि कापडाचे नवे ठाण आले की मी आधी ती वही उघडतो.

एक स्थानिक गोष्ट राहिली. आपल्या मराठवाड्यात हिवाळ्याच्या शेवटापासून पावसापर्यंत हवा इतकी कोरडी असते की पॉलिएस्टर अस्तर स्वतःलाच, हाताला आणि मशीनच्या पायाला चिकटत राहते. थर नीट जुळत नाहीत आणि ओढीचा दोष वाढतो. मी त्या दिवसांत शिवण्याच्या खोलीत कूलर लावतो किंवा खिडकीत ओला कपडा टांगतो, आणि पट्ट्या टाचण्यांनी जवळजवळ टाचतो. तीच मांडणी पावसाळ्यात वेगळी वागते असे दिसले तर मशीनवर शंका घेऊ नये.

तर नवी मशीन विकण्याची किंवा तिसरी घेण्याची गरज मला दिसत नाही. मांडणी जुळेपर्यंत आपण अस्तराच्या आतल्या शिवणी काळ्या मशीनवर मारून बाकीचे काम नव्या मशीनवर करू शकता. कित्येक दुकानांत असेच चालते.

हातात असलेल्या ब्लाऊजचे काय करावे हे विचारले नसले तरी सांगतो. सुती अस्तराच्या चुण्या असतील तर आधी शिवण मिटलेल्या स्थितीत तिच्यावरून वाफेची इस्त्री दाबावी, मग माया उलगडून पुन्हा दाबावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते, आणि नाही भागले तर उसवून ११ नंबरच्या सुईने पुन्हा शिवता येते. सॅटिनचे अस्तर मात्र उसवू नये, कारण जुन्या सुईची छिद्रे तशीच राहतात आणि नवी टीप त्यांच्या शेजारी पडली की कापड तिथून फाटते. तिथे कमी उष्णतेची इस्त्री आतल्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून करावी आणि थांबावे. ज्या ब्लाऊजच्या पाठीचे धागे सरकले आहेत, त्याची माया शिल्लक असेल तर जुन्या शिवणीच्या आत चार मिलिमीटरवर नवी टीप मारून सरकलेला भाग मायेत घ्यावा, आणि तेवढी कमी झालेली घेराची जागा बाजूच्या शिवणीतली माया सोडून भरून काढावी.